चार ओळींची गोष्ट

गोष्ट लांबच असावी लागते असे नाही. चार ओळींचीही होते. हल्ली तिला ‘अलक’ म्हणतात, म्हणजे अति लघु कथा. मोबाईलवर गट करून लोक अलक लिहितात, एकमेकांना वाचायला देतात.

रीत तशी जुनीच. चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत तेराव्या शतकात केसोबासांनी गोळा केले. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच.

२०१६ साली दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तो दुष्काळ आठवून आम्हीही एक लिहिली :

रांगेत चार तास उभी राहून गंगूने घागर आणली. सासू म्हणाली, “आधी म्हशीला पाज.”
“म्हैस परवाच इकली की, मामी.”
सासू दावणीकडे बघत राहिली.

म्हैस कितीला गेली, ते लिहिले नाही. जास्त सांगितले की गोष्ट पातळ होते.

तुम्ही पाच-सहा जण जेवणानंतर जमा. एकच विषय घ्या. वहीत लिहा, मोठ्याने वाचा. चुकलेल्या अक्षरांना कुणी हसू नये. हसले की माणूस पुन्हा येत नाही. एवढेच विचारावे, “यातला कोणता शब्द काढला तर चालेल?”

पहिला विषय आम्ही देतो : विहीर.