मोडक्या दट्ट्यांची फळी

स्वतःच्या हातांनी मोटारसायकल घडवावी असे ज्याच्या मनात येते, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. तयार सुटे भाग विकत घेण्याची ऐपत नसेल, तर हा उद्योग मुळात आरंभावा काय? या प्रश्नाचा विचार करताना न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इनव्हरकार्गिल या गावच्या बर्ट मन्रो (१८९९–१९७८) यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल.

मन्रो यांनी १९२० साली ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल विकत घेतली. नाव ‘इंडियन’ असले तरी ती अमेरिकन बनावटीची होती. तिचे इंजिन ६०० घनसेंटिमीटरचे होते आणि कमाल वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. १९२६ पासून त्यांनी तिच्यात फेरफार करण्यास प्रारंभ केला. ते मोटारसायकलींचे विक्रेते व कारागीर होते. दिवसा पोटाचा उद्योग करावा आणि रात्री आपल्या यंत्राजवळ बसावे, असा त्यांचा क्रम असे.

जुन्या पत्र्याच्या डब्यांचा साचा म्हणून उपयोग करून ते सुट्या भागांचे ओतकाम करीत. दट्ट्ये, म्हणजे पिस्टन, सिलिंडर आणि फ्लायव्हील त्यांनी स्वतः बनविले. सूक्ष्ममापनासाठी त्यांच्यापाशी होती चाकाची एक जुनी तार!

या कामातील अडचण कोठे असते, ते नीट समजून घेतले पाहिजे. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ७० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा दट्ट्या २०० अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे ०.३२ मिलिमीटरने फुगतो. लोखंडी सिलिंडर तितकाच तापला तरी त्याचे भोक सुमारे ०.१६ मिलिमीटरनेच वाढते. म्हणून यंत्र थंड असताना दोहोंमध्ये पुरेशी फट राखावी लागते. ती कमी पडल्यास दट्ट्या आवळून जागीच अडकतो. अधिक झाल्यास वायू निसटतो आणि शक्ती वाया जाते. पैसा वाचतो तो धातूवर. अचूकतेचे मोल मात्र श्रमाने व वेळेने चुकवावेच लागते.

मन्रो यांनी ते अनेक वर्षे चुकविले. मोडलेले, वितळलेले भाग त्यांनी फेकून दिले नाहीत. आपल्या खोपटातील एका फळीवर त्यांनी ते मांडून ठेवले आणि ‘वेगाच्या देवाला अर्पण’ अशा अर्थाचे शब्द तेथे लिहिले. यात विनोद आहे, तसाच बोधही आहे. तुटलेला भाग कोठे तडकला, कोठे घासला गेला, कोणत्या बाजूस काळवंडला, हे पाहिल्यावाचून त्याच्या जागी नवा भाग बनविणे म्हणजे जुनीच चूक पुन्हा ओतणे होय.

दुसरा विचार हवेचा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. ८८ वरून २९५ किलोमीटरवर जायचे, तर आकार तोच राहिल्यास जवळजवळ ३८ पट शक्ती हवी. केवळ इंजिन मोठे करून हे साधत नाही. म्हणून मन्रो यांनी मोटारसायकलीवर माशासारखे निमुळते कवच चढविले.

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, मन्रो यांनी तेथे १,००० घनसेंटिमीटरखालील वर्गात ताशी १८३.५९ मैलांचा, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटरचा, विक्रम नोंदविला. तोपर्यंत त्यांचे इंजिन ९५० घनसेंटिमीटरचे झाले होते.

हे मैदान मोकळे होते, हे वाचकाने विसरू नये. आपल्या देशात नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे. ब्रेक, टायर आणि सांगाड्याचे जोड यांत तर काटकसर करूच नये. इतर भागांसाठी मात्र एक फळी व एक वही यांपासून आरंभ करावा.

१९६७ च्या नोंदीत आकडेमोडीची एक चूक राहून गेली होती. ती मन्रो यांच्या मुलाच्या ध्यानात आली आणि २०१४ साली तो वेग १८४.०८७ मैल असा दुरुस्त करण्यात आला. चाकाच्या तारेने मोजून बनविलेले यंत्र नोंदीपेक्षा अधिक वेगाने धावले होते.