केमिकल म्हटलं की नाक मुरडणाऱ्या पालकांसाठी

सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. ‘सर, कॉम्प्युटर हुकतंय. मॅनेजमेंट कोट्यातून एआय-डेटा सायन्स घेऊ का?’ मुलाला कोडिंग आवडतं का, असं विचारलं की पलीकडे चिडीचूप. कर्ज काढायची तयारी मात्र झालेली असते! केमिकलचं नाव काढलं की आई म्हणते, ‘नको हो, तिथे स्फोट होतात.’

होतात. डोंबिवलीत 2016 मध्ये झाला, 2024 मध्ये झाला. कारणं वेगवेगळी असतील. पण स्फोट टाळण्याचं शास्त्र शिकलेली माणसं कारखान्यांना हवीच आहेत.

नायट्रेशनचंच बघा. रंग, औषधं, कीटकनाशकं बनवताना ही क्रिया लागते आणि तिच्यातून प्रचंड उष्णता निघते. हजारो लिटरच्या रिॲक्टरमध्ये ॲसिड हळूहळू सोडत, भोवतीच्या जॅकेटमधून थंड ब्राइन (खारं पाणी) फिरवत बॅच तासन्‌तास चालते. ढवळणं थांबलं की उष्णता साचते आणि सगळंच हाताबाहेर जाऊ शकतं. आता तेच दोन पंपांनी दोन द्रव ढकलून जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या वाहिनीत करायचं. प्रयोगशाळेच्या मापात आत एका वेळी काही मिलिलिटरच माल असतो. भिंत जवळ, त्यामुळे उष्णता लगेच बाहेर. तासांचं काम अनेकदा मिनिटांत उरकतं. हा मायक्रोरिॲक्टर, आणि ही फ्लो केमिस्ट्री. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) यावर काम करणाऱ्या डॉ. अमोल कुलकर्णी यांना 2020 चा भटनागर पुरस्कार मिळाला. औषधांच्या अशा सलग उत्पादनासाठी 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही आली.

यात जादू काही नाही. आत घन पदार्थ तयार झाला की वाहिनी चोंदते, मग उघडा, धुवा, पुन्हा जोडा. संथ क्रियांना या पद्धतीचा फारसा उपयोग नाही. शिवाय जुने रिॲक्टर धडधाकट असताना मालक नवा खर्च करायला सहजी तयार होत नाहीत.

‘फ्लो केमिस्ट्रीची पदवी’ शोधत बसू नका. माटुंग्याची आयसीटी, लोणेरेचं विद्यापीठ, किंवा प्रयोगशाळा धड असलेलं कुठलंही केमिकल इंजिनिअरिंग चालेल. हीट ट्रान्सफर आणि रिॲक्शन इंजिनिअरिंग मन लावून शिका. बी.एस्सी., एम.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांनाही इथे जागा आहे, फक्त पंप आणि पाइपला हात लावायची लाज नको.

सुरुवातीचा पगार आयटीतल्या भाच्यापेक्षा कमी असू शकतो. पोस्टिंग महाड, लोटे किंवा कुरकुंभला, तेही शिफ्टमध्ये. ‘मुलगी कशी जाईल?’ हे मुलीलाच विचारा. बहुतेक घरांत ते विचारायचंच राहून जातं आणि ऑप्शन फॉर्म बाबा भरतात.

आणि बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्याला टायट्रेशनचा कंटाळा यायचा, त्याला माझ्या सांगण्यावरून केमिकलला घालू नका.