वही उघडण्याआधी
(अभ्यास लेख)



आपल्या मंडळ्यांतील कितीतरी मुले-मुली आज समाजकार्य, शेती, अभियांत्रिकी शिकत आहेत. अभ्यासाचा भाग म्हणून त्यांना क्षेत्रकार्य करावे लागते : गावात राहायचे, लोकांच्या अडचणी समजून घ्यायच्या आणि विकासाची एखादी नवी कल्पना मांडायची. धाराशिव जिल्ह्याला हे नवे नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूरचे केंद्र १९८६ सालचे आहे, आणि २०१८ पासून हा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. अशा विद्यार्थ्यांची तयारी करून घेताना मी चार गोष्टी सांगतो. त्या आपल्यालाही लागू आहेत.

१. आपल्या आधी कोण येऊन गेले, ते जाणा.
पारधी वस्तीवर गेलेल्या एका विद्यार्थिनीने कर्त्या पुरुषांची नावे लिहायला घेतली. पुरुष एकेक करून उठून गेले. एका आजीने विचारले, "कुठल्या ठाण्यातून आलीस गं बाई?" या प्रश्नामागे इतिहास आहे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. नोंद झालेल्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून हलता येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण संशय सरला नाही. म्हणून पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहू द्या. आपण कोण, कशासाठी आलो, आणि 'नाही' म्हटले तरी चालेल, हे आधी सांगा.

२. भाषा आणि कागद यांवर विसंबू नका.
पारध्यांची बोली गुजराती वळणाची, लमाणांची गोरबोली वेगळी. मराठी येते, पण ती बाजाराची. घरातले दुःख त्या भाषेत सहज बाहेर येत नाही. कागदाचेही तसेच. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. लमाण समाज इथे विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. सीमा ओलांडली की सवलत बदलते, माणूस तोच राहतो.

३. हंगाम पाहून जा.
दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात गेलेल्याला तांड्यावर म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुलेच भेटतात. मोजणी अचूक असली, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

४. नवी कल्पना त्यांच्या हाती तपासू द्या.
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद अंगावर कोसळले. पुढे लोकांना दगडाचीच भीती वाटू लागली. भिंतीचे दोन्ही थर बांधणारे आरपार दगड घालून आणि वर पट्टा देऊन जुनी घरे मजबूत करता येतात, असे अभियंते सांगत. पण सांगून विश्वास बसेना. दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायका 'संवाद सहायक' झाल्या. त्यांनी तंत्र समजून घेतले, शेजारणींना पटवले, कामावर लक्ष ठेवले. तंत्र अभियंत्यांचे होते. ते घरोघरी पोहोचवले गावातल्या बायकांनी. विद्यार्थ्याने गावात जाऊन आधी अशी माणसे शोधावीत.

आता आपल्याविषयी. अहवालात नाव हवे, फोटो हवा, यशाची गोष्ट हवी, असे आपण देणगीदारच म्हणतो. ज्या घराने नोंदवहीचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्या घरातल्या मुलाचा फोटो छापण्याआधी त्याच्या आईला विचारले होते का, हे आपण विचारावे. तिने नको म्हटले असेल, तर बिनफोटोचा अहवालही आनंदाने स्वीकारावा. आणि जे लिहिले, ते वस्तीवर परत जाऊन वाचून दाखवावे, असा आग्रह धरावा.

मंडळीत चर्चेसाठी :
• आपल्या गावाजवळच्या पालावर किंवा तांड्यावर आपण शेवटचे कधी गेलो? मदत वाटायला, की बसायला?
• तिथल्या लोकांनी आपल्याला काय शिकवले?
• आपल्या मंडळीतून क्षेत्रकार्याला निघालेल्या मुलाला आपण कोणता एक सल्ला देऊ?