आळस आणि कार्यदक्षता

श्रम वाचावेत अशी इच्छा आळशी मनुष्यास असते, तशीच दक्ष मनुष्यासही असते. बाहेरून पाहता दोघेही निवांत बसलेले दिसतात. म्हणून केवळ देहाच्या हालचालीवरून आळसाचा निर्णय करता येत नाही. मग दोहोंतील भेद कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दृष्टांत : कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुका हा कृष्णा-पंचगंगेच्या काठचा, काळ्या भारी जमिनीचा, उसाचा मुलूख. एका शेतकऱ्याने मोटार सुरू केली, पाटाचे पाणी सरीत मोकळे सोडले आणि तो निजला. दुसऱ्याने आधी जमीन पाहिली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, पाण्याचे माप ठरविले आणि मग तोही बांधावर बसला. त्या घटकेला दोघांचे हात रिकामेच होते.

पुढे पहिल्याच्या शेतात काय झाले? निचरा मंद असलेल्या काळ्या जमिनीत अधिकाचे पाणी साठले व भूजलाची पातळी वर आली. ते पाणी मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून पृष्ठभागी चढले. उन्हाने पाणी उडाले, क्षार मात्र मागे राहिले. असे वर्षानुवर्षे होऊन रान पांढरे पडते आणि तेथे ऊस धरत नाही. या तालुक्यातील पुष्कळ जमीन अशी क्षारपड झाली. ती सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या उतार साधून पुराव्या लागतात. त्यांतून क्षारयुक्त पाणी ओढ्याकडे काढावे लागते. एकाच्या शेतातील पाणी दुसऱ्याच्या शेतातून जावयाचे असल्याने हे काम एकट्याने होत नाही. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांस एकत्र करून या कामी पुढाकार घेतला.

येथे कोणी शंका घेईल, ‘शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते, दिवसभर राबलेला मनुष्य निजला तर त्यास आळशी का म्हणावे?’ शंका योग्य आहे. निद्रा हा येथे दोष नव्हे. पाणी किती पुरे, याचा विचार टाळणे हा दोष होय. ज्याने तो विचार आधी केला, त्याची निद्राही निर्दोष ठरते.

दार्ष्टांतिक : आळशी मनुष्य श्रम वाचवीत नाही, तो ते पुढे ढकलतो; ते उद्यावर, मुलांवर अथवा शेजाऱ्यावर पडतात, आणि पडतात ते वाढून. दक्ष मनुष्य विचाराचे श्रम आधीच करतो, म्हणून नंतरचे श्रम खरोखरीच नाहीसे होतात.

ग्रंथरचनेतही हेच दिसते. शके १२०० च्या (इ. स. १२७८) सुमारास म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, प्रत्यक्ष जाणणाऱ्यांस विचारून लीळा मिळविल्या. पुढे केशिराज व्यासांनी त्यांतील वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्र अल्पाक्षरी आहे, ते लिहिणाऱ्याने श्रम चुकविले म्हणून नव्हे. त्यामागे मोठा संग्रह आणि निवड आहे. उलट, अर्थ न शोधता केवळ पाठ म्हणणारा दिवसभर ओठ हलवीत असला, तरी बुद्धीने आळशीच राहतो.

तेव्हा अनुसरलेल्यांनी आणि वासनिकांनी स्वतःच्या प्रत्येक सवडीस एकच प्रश्न विचारावा : हे वाचलेले श्रम आपण आधीच केले आहेत, की ते दुसऱ्या कोणाच्या माथी गेले आहेत?