घटक ४ : प्रवासाचा आराखडा – मोरोक्कोचा वारसा आणि वाळवंट

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
● स्थळांची यादी आणि प्रवासाचा आराखडा यांतील फरक सांगता येईल.
● अंतर, ऋतू आणि लोकजीवन लक्षात घेऊन दिवसांची विभागणी करता येईल.
● एखाद्या प्रवासाचा आराखडा सुबोध मराठीत लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन प्रवासानंतर लिहिले जाते, आराखडा प्रवासापूर्वी. प्रवासवर्णनात अनुभव असतो, आराखड्यात निवड. रजा आणि गाठीचा पैसा दोन्ही मोजकेच असतात. म्हणून काय पाहायचे याइतकेच काय सोडायचे, हेही ठरवावे लागते. उत्तर आफ्रिकेतील मोरोक्कोच्या आठ दिवसांच्या प्रवासाच्या आधारे ही निवड कशी करावी, ते आपण पाहू.

४.३ विषय विवेचन

४.३.१ सूत्राची निवड
फेस, मेकनेस, माराकेश ही ऐतिहासिक नगरे, व्होल्युबिलिसचे रोमन अवशेष, आयत बेनहद्दूची मातीची तटबंद वस्ती आणि सहारा वाळवंट हे सारे आठ दिवसांत बसवू गेल्यास बराचसा वेळ मोटारीतच जाईल. त्याऐवजी काही मोजक्या स्थळांना जोडणारे सूत्र शोधावे.

असे सूत्र इब्न बतूताच्या प्रवासात सापडते. १३०४ मध्ये तांजिअर येथे जन्मलेला हा प्रवासी भारतातही आला होता. आपल्या दौलताबादचे वर्णन त्याच्या वृत्तांतात आहे. १३५१ मध्ये तो फेसहून वाळवंटाच्या काठावरील सिजिलमासा या व्यापारी नगरात गेला. तेथे त्याने उंट व चारा विकत घेतला आणि फेब्रुवारी १३५२ मध्ये काफिल्यासोबत सहारा ओलांडण्यास प्रस्थान ठेवले. पश्चिम आफ्रिकेतील सोने सिजिलमासामार्गे उत्तरेकडे येई. म्हणजे फेसचे वैभव आणि वाळवंट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. सिजिलमासाचे अवशेष आजच्या रिसानी गावाजवळ आहेत. फेस ते रिसानी हा एकच मार्ग धरला, तर वारसा आणि वाळवंट दोन्ही साधतात. माराकेश मात्र सोडावे लागते.

४.३.२ अंतर आणि दिवस
वाळूच्या टेकड्यांलगतचे मेर्झुगा गाव फेसपासून सुमारे ४७० किलोमीटर आहे. वाटेत अॅटलास पर्वत असल्याने मोटारीने आठ-नऊ तास लागतात. म्हणून जाताना एक मुक्काम मध्ये घ्यावा.

दिवस १ ते ३ : फेस. जुन्या शहराचे बोळ इतके अरुंद आहेत, की तेथे ओझी खेचरांवरून नेतात. इब्न बतूताच्या काळात बांधलेली बू इनानिया मदरसा आणि कातडी कमावण्याचे हौद अवश्य पाहावेत.
दिवस ४ : देवदार वृक्षांच्या अरण्यातून मिदेल्त येथे मुक्काम.
दिवस ५ : झिझ नदीच्या खोऱ्यातील खजुराच्या बागा पाहत मेर्झुगा.
दिवस ६ : पहाटे टेकड्या, नंतर रिसानी. तेथील बाजार रविवार, मंगळवार व गुरुवारी भरतो.
दिवस ७ : फेसला परत.
दिवस ८ : परतीचे विमान.

४.३.३ ऋतू आणि लोकजीवन
उन्हाळ्यात वाळवंटातील तापमान ४० अंशांच्या वर जाते, तर हिवाळ्यात रात्री गारठा असह्य होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे महिने सुसह्य असतात. रमजानचा महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दिवसा बरीच भोजनगृहे बंद असतात. शुक्रवारी दुपारी जुन्या बाजारातील अनेक दुकाने बंद राहतात. फेसच्या करवीयीन मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. त्यांनी दारातून दिसणारे प्रांगण पाहून पुढे जावे. अशा गोष्टी आधी ठाऊक असल्या, की त्या अडचणी वाटत नाहीत. त्या तेथील जीवनक्रमाचा भाग म्हणून समजतात. भारतीय नागरिकांना लागणाऱ्या व्हिसाचे चालू नियम तारखा ठरवण्यापूर्वीच पडताळून घ्यावेत.

४.४ सारांश
आराखड्याचा आरंभ स्थळांच्या यादीने न करता सूत्राने करावा. मग अंतर आणि ऋतू यांच्या कसोटीवर दिवस बसवावेत. जे सोडले, त्याचे कारण सांगता आले, तर आराखडा विचारपूर्वक झाला असे समजावे.

४.५ स्वाध्याय
१. ‘फेस आणि वाळवंट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत’ हे विधान स्पष्ट करा.
२. वरील आराखड्यातील एक दिवस कमी करायचा झाल्यास तुम्ही कोणता कराल? सकारण लिहा.
३. तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या जुन्या व्यापारी मार्गावर आधारित तीन दिवसांचा आराखडा तयार करा.