पेटवायच्या आधी जरा बैस

अगं, परवा राधानगरीच्या एसटी स्टँडवर तू मैत्रिणीला सांगत होतीस, "निवेदनं देऊन कुणी हलत नाही, एकदा पेटवलं की बरोबर हलतात." ऐकलं मी. रागावले नाही. काळम्मावाडीच्या धरणग्रस्तांचे कचेरीतले हेलपाटे बघतच तू मोठी झालीस. राग येणारच.

पण कोल्हापूरचं टोलविरोधी आंदोलन नीट आठव. पुढे होते एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. एन. डी. तर तेव्हा ऐंशी ओलांडलेले! मोर्चे, धरणं, उपोषणं, आणि 'टोल देणार नाही' हा रोखठोक नकार. जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. तू म्हणशील, बघ! बघितलं की. त्याच वर्षी जूनमध्ये पोलीस बंदोबस्तात वसुली पुन्हा सुरू झाली. टोल रद्द झाल्याची घोषणा आली डिसेंबर 2015 मध्ये. पानसऱ्यांचा खून होऊन तोवर दहा महिने उलटले होते. आगीनं काहीच साधलं नाही, असं मी म्हणणार नाही. मुंबईचं लक्ष तिनं नक्की वेधलं. पण टोल घालवला तो माघार न घेणाऱ्या माणसांनी, असं माझं ठाम मत.

आणि कायदा मोडणं म्हणजे जाळपोळच, हे तुला कुणी सांगितलं? टोल नाकारणं, रस्त्यात बसणं, धरणाचं काम बंद पाडणं, हीसुद्धा थेट कृतीच. श्रमिक मुक्ती दलाचे ठिय्ये बघ, धरणग्रस्त बायकापोरांसह दिवसच्या दिवस बसून राहतात. तिथं सत्तरीची आजीही आंदोलक असते. दगड उचलला की आजी घरी जाते. उरतात वीस पोरं आणि पोलिसांची गाडी.

मग पोरांचं काय होतं? जामिनासाठी कुणाचा तरी सातबारा शोधत फिरायचं, तारखांना जायचं. पोलीस भरतीत निवड झालीच, तर चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा वर येतो. चिथावणारा मात्र बहुतेक वेळा फोटोतही नसतो.

काय करायचं ते बैठकीत, सगळ्यांसमोर ठरवा. वकील कोण, जामीन कोण राहणार, बायका बसणार का, हे आधी विचार. आयत्या वेळी कुणी रॉकेलचा कॅन घेऊन उगवला, तर त्याला कुणी बोलावलं तेही विचार. भित्री म्हणाले तर म्हणू देत. आणि ठिय्या ठरला तर मला कळव, भाकऱ्या घेऊन मीही येते बसायला.