आपला प्रोग्राम चिपमध्ये मावतो का?



आपल्या नांदगाव खंडेश्वर भागात हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि लाइन रात्रीची असली, तर मोटर सुरू करायला घरातलं कोणीतरी शेतात जातंच. म्हणून जमिनीचा ओलावा पाहून पंप चालू-बंद करणारं यंत्र विज्ञान प्रदर्शनात मुलांना फार आवडतं. त्यासाठी बहुतेक वेळा अर्डुइनो उनो हा बोर्ड वापरतात. प्रोग्राम लिहून 'व्हेरिफाय' दाबलं आणि लाल अक्षरं आली नाहीत, की मुलं खूश! पण तेव्हा खाली आकाराच्या दोन ओळी येतात. आजचा पाठ त्या दोन ओळींचा आहे.

१. चिपमधली जागा

उनोवरच्या चिपचं नाव एटमेगा ३२८पी. तिच्यातल्या दोन प्रकारच्या जागा आज समजून घ्या.

फ्लॅश : ही घरातली धान्याची कोठी. वीज गेली तरी यातलं काही जात नाही. प्रोग्राम इथे राहतो. एकूण ३२ केबी. त्यातले ५१२ बाइट बूटलोडरला जातात आणि आपल्याला ३२,२५६ उरतात.

रॅम : हा स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असताना लागणाऱ्या वस्तू इथे. फक्त २,०४८ बाइट!

मुंबईच्या आयआयटीतल्या ई-यंत्र उपक्रमातला फायरबर्ड-५ हा रोबो एटमेगा २५६० चिपवर चालतो. त्यातही फ्लॅश २५६ केबी, पण रॅम ८ केबीच. म्हणजे बोर्ड मोठा घेतला तरी ओटा लहानच.

२. मशीन कोड कसा दिसतो?

आपण लिहितो ते चिपला कळत नाही. कम्पाइलर त्याचा मशीन कोड करतो. तेरा नंबरच्या पिनवरचा दिवा थेट पोर्टवर लिहून लावला, तर 'एसबीआय' नावाची एकच आज्ञा तयार होते (बँक नव्हे बरं का!). ती अशी :

१००१ १०१० ००१० ११०१

पहिले आठ बिट सांगतात, 'एक बिट चालू कर'. पुढचे पाच, ००१०१, म्हणजे पोर्टचा पत्ता ५. शेवटचे तीन, १०१, म्हणजे बिट क्रमांक ५. झाली आज्ञा, अवघ्या २ बाइटची! हेच काम 'डिजिटलराइट' वापरून केलं तर त्यामागे अनेक आज्ञा येतात. सोय मिळते, पण जागा जाते. 'एव्हीआर-ऑब्जडम्प' हे साधन अशी प्रत्येक आज्ञा उलगडून दाखवतं आणि 'एव्हीआर-साइज' आकार सांगतं.

३. मराठी संदेशाचं वजन

आता खरी गंमत. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजायचे. 'पंप बंद आहे' यात ९ चिन्हं आणि २ मोकळ्या जागा. २७ अधिक २, आणि शेवटचा शून्य १. एकूण ३० बाइट.

असे ४० वेगवेगळे संदेश असले तर १,२०० बाइट. ओलाव्याच्या ३०० नोंदी, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ६००. संगणकाशी बोलायला सिरियलचे दोन बफर, १२८. बेरीज करा : १,९२८. उरले फक्त १२०! फंक्शन चालताना लागणारी जागा, म्हणजे स्टॅक, याच १२० मध्ये बसवायची. ती वरून खाली वाढत येते आणि आपल्या नोंदींवर चढते. कम्पाइलर काही तुम्हाला अडवत नाही. रॅम ७५ टक्क्यांच्या वर गेली की फक्त इशारा देतो. मग यंत्र भलतेच आकडे दाखवतं, मधेच पुन्हा सुरू होतं, नाहीतर पंप चालूच राहतो. आपण मात्र सेन्सर बदलत बसतो.

४. उपाय

म्हणून मराठी सोडायची का? मुळीच नाही. साधा लिहिलेला संदेश फ्लॅशमध्ये तर असतोच, शिवाय रॅममध्येही उतरतो. सिरियलवर छापताना तो 'एफ' या अक्षरापुढच्या कंसात लिहा, म्हणजे तो कोठीतच राहील. वरच्या उदाहरणात १,२०० बाइट मोकळे होतात आणि उरतात १,३२०. नोंदी २५५ पेक्षा मोठ्या होणार नसतील तर त्या १ बाइटच्या प्रकारात ठेवा, आणखी ३०० वाचतील.

लक्षात ठेवा : प्रोग्राम कम्पाइल झाला म्हणजे तो चिपमध्ये नीट मावला, असं होत नाही. दर वेळी त्या दोन ओळी वाचा आणि वहीत तारीख टाकून आकडे लिहा. कोणत्या बदलाने आकडा फुगला ते लगेच सापडेल.

सराव : 'मोटर चालू' हा संदेश किती बाइटचा? आधी स्वतः मोजा. (उत्तर : २६)